मामांचा अंतरा

आमच्या सिरसाळ्याच्या क्लॅरोनेटवाल्या मामांनी वाजवल्याशिवाय निजामाच्या राज्यात एकही लग्न पक्कं धरत नाहीत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मामांची शेवटपर्यंत होती. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, त्यामुळे सगळ्या गावाचे होते. जेवतानाही वाद्य मांडीवर असायचं. आमटीची वाटी आधी त्याच्यापासून लांब सरकवायचे, मग भाकरी मोडायचे. एकदा तालुकदारसाहेबांची मिरवणूक भर बाजारात थांबवून त्यांनी वाद्याच्या तोंडाची वेताची पत्ती चहाच्या बशीत भिजत घातली. "सुकी पत्ती वाजिवली तर तुमचीच बेअदबी व्हईल, सायेब," म्हणाले. साहेबांनी निमूटपणे स्वतःसाठीही चहा मागवला.

पण त्यांची खरी ख्याती एका चालीची. परळीला तंबूत बोलपट लागला होता, तो बघायला मामा पायी गेले. त्यात नायिका सासरी निघताना एक गाणं होतं. धृपद झालं आणि रीळ तुटलं, ते काही पुन्हा जोडता आलं नाही. त्या बोलपटाचं नावही आज गावात कुणाला आठवत नाही. मामांनी मात्र ते धृपद गुणगुणत गाव गाठलं आणि पुढच्याच लग्नात नवरीच्या पाठवणीला वाजवलं. आमच्याकडे नवरीची गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत वाजंत्री थांबत नाही. त्या दिवशी आई लेकीला सोडेचना. धृपद चारदा वाजवून झालं, तेव्हा मामांनी त्या बाईकडे बघत बघत पुढचा अंतरा उभ्या उभ्या रचला. लोकांना ठोकून दिलं, "शिनेमातलाच हाय." खरं काय ते फक्त मला सांगितलं. वर्षभरात तेलगावपर्यंतचे सगळे ताफे तोच अंतरा वाजवू लागले.

पुढे मी हैदराबादेहून फोनो आणला आणि सोबत नेमकी त्याच गाण्याची तबकडी. मला वाटलं, मामा खूश होतील. त्यांचा चेहराच उतरला.

"मास्तर, कावून आनली ही? लोक म्हनतील, म्हातारा इतकी वर्सं खोटं वाजवीत व्हता."

आम्ही दार लावून दोघांनीच ती ऐकली. अंतरा साफ निराळा होता आणि खरं सांगायचं तर फार सुरेख होता. मामांनी तो तीनदा लावायला लावला. बराच वेळ मांडीवरच्या वाद्यावरून हात फिरवत बसले.

"लई ग्वाड हाय," शेवटी म्हणाले. "पर लवकर सपतो. तेवढ्यात पोरगी गाडीत बसंल व्हय?"

तबकडी मी ट्रंकेत ठेवली ती कायमची.

मामा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा माझ्या मुलीचं लग्न निघालं. पाठवणीला तेलगावचा ताफा होता. व्याह्यांकडचे एक शहरी पाहुणे माझ्या कानाशी लागले, "गाणं तेच आहे, पण अंतरा चुकतोय बरं का यांचा."

समोर बायको लेकीला सोडत नव्हती. मला मामांची फार आठवण येत होती, आणि तो अंतरा अजून संपला नव्हता.