नाड्याखालचं पोतं

पोतं मी काढलं होतं. नाडा तुटला तो त्यामुळे. हे एवढंसं सांगायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

नागपूरच्या कॉलेजात आम्ही तिघं मित्र होतो. एक रामदासपेठेतल्या डॉक्टरांचा मुलगा, दुसरा काटोलकडच्या शेतकऱ्याचा, होस्टेलवर राहणारा, आणि तिसरा मी. रामटेकच्या पुढे एका टेकडीत जमिनीला सरळ भोक पडावं तसं विवर होतं. विहिरीच्या मापानं चार-पाच पुरुष खोल. अशा उभ्या गुहांत दोरानं उतरण्याचा एक खेळ असतो, असं डॉक्टरांच्या मुलानं कुठंतरी वाचलं होतं. आमच्याकडे दोर नव्हता. होस्टेलवाल्यानं घरचा मोटेचा नाडा, विहिरीतून मोट ओढायचा जाड दोर, एस.टी.च्या टपावर टाकून आणला. विहिरीवर इंजिन बसल्यापासून तो गोठ्यात टांगलेला होता. अंबाडीचा, त्याच्या बाबांनी स्वतः वळलेला.

शनिवारी पहिला तोच उतरला. आधी सगळा नाडा बोटांनी चाचपून पाहिला. एक टोक मोहाच्या खोडाला बांधलं, आणि काठावरून नाडा जिथे खाली वळत होता तिथे पोत्याची घडी ठेवली.

"हे पोतं हलवू नका गा. दगडाची धार लागली का नाडा गेला."

"अन् तू गेला तर तुह्या भाकरी माह्या," डॉक्टरांचा मुलगा म्हणाला.

"खाय ना. पण आधी वर घेजा मले."

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघंही आळीपाळीनं जाऊन आलो. तळाशी ओली थंडी, आणि वर रुपयाएवढं आभाळ. रात्री टेकडीखालच्या देवळात झोपलो, तेव्हा आपल्यासारखे आपणच असं वाटत होतं.

रविवारी डॉक्टरांचा मुलगा पुन्हा उतरला. होस्टेलवाला खोडापाशी नाडा सांभाळत होता. मी काठावर बसून खालच्या हाका मागे सांगायच्या, एवढंच माझं काम. माझी उतरायची पाळी नव्हती, म्हणून मी सीताबर्डीवर शिवलेली टेरिकॉटची नवी पँट घातली होती. दगड शेवाळलेला. तो खाली टॉर्च घेऊन हिंडत होता, नाडा सैल पडला होता. मी पोतं ओढून काढलं आणि बुडाखाली घेऊन बसलो. तो निघाला की परत ठेवू, असं मनात होतं.

"घे रे वर!" खालून हाक आली. मी ती मागे पोचवली आणि पोतं विसरलो.

तो निम्म्यावर आला असताना नाडा तुटला.

होस्टेलवाला धावत आला आणि काठावर पालथा पडून खाली हाका मारू लागला. तेवढ्यात मी पोतं उचलून जागेवर ठेवलं. त्या वेळी मी काही विसरलेलो नव्हतो.

उठून त्यानं तुटकं टोक हातात घेतलं, पोत्याकडे पाहिलं.

"सडला होता गा. मले काहून दिसलं नाही?"

खोडापाशी नाड्याचं वेटोळं उरलं होतं. त्याचं टोक त्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं.

"याच नाड्यावर?" मी विचारलं.

"दुसरा आहे काय तुह्याजवळ?"

नाडा सडका समजून तो त्याच नाड्यावर उतरला. नाडा चांगला आहे हे मला माहीत होतं. तेवढं सांगितलं असतं तर तो निदान निर्धास्त गेला असता. मी नाडा खाली सोडत राहिलो. हाका ऐकून गुरं चारणारे दोघं आले, आणि आम्ही मिळून आधी जखमीला, मग त्याला वर काढलं.

डॉक्टरांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं होतं. पुढे तो चालू लागला, थोडा लंगडत. त्याच्या आईनं होस्टेलवाल्याला दारातून परत पाठवलं. कॉलेजात त्याला 'सडका नाडा' म्हणू लागले. एकदा त्यात मीही हसलो. परीक्षा झाल्यावर तो गावी गेला तो शेतीतच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या गावी गेलो.

"अबे, येऊन राहिला म्हणून चिठ्ठी तरी टाकायची!" असं म्हणत त्यानं बाज टाकली. चहा येण्याआधीच मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं गोठ्याकडे पाहिलं.

"बाबानं मंग नाडा वळलाच नाही," तो म्हणाला. "लोक मांगायले येत, तर म्हणे, माह्या हातचा नाडा पोराईच्या जिवावर उठते. मरेपर्यंत हेच म्हणे."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानं थांबवलं.

"मले नको सांगू. मायले सांग. जोरानं सांग, तिले कमी ऐकू येते."

त्याची माय ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. मी जवळ जाऊन सांगितलं. तिनं सूप खाली ठेवून कानाशी हात नेला.

"काय म्हणून राहिला गा?"

शेजारच्या अंगणातली माणसं वळून पाहू लागली. मी ओरडून सांगितलं,

"माय, नाडा सडला नव्हता! पोतं मी काढलं होतं! बाबाचा नाडा चांगला होता, माय. मले माफ करजा."