लहानूचे बाण आणि कुणाचीच नसलेली तार

फोन टोकावड्याहून आला. "मास्तर, लहानू गेला. बांधावर लाइनची तार पडलीवती, त्याचा पाय पडला…" बोलणाऱ्याला रडू आवरत नव्हतं, म्हणून मी जास्त काही विचारलं नाही. चपला घातल्या आणि मुरबाडच्या स्टँडवरून मिळेल ती गाडी धरली. गाडी सुटल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. वारा नाही, पाऊस नाही, भात पिवळं पडलेलं, आभाळ कोरडं. मग लाइनची तार आपणहून तुटून नेमकी पायवाटेवर कशी पडली? लहानूच्या वाडीवर पोचलो तर माणसं घोळक्यानं उभी होती आणि जो तो तेच वाक्य सांगत होता. लाइनची तार पडली. शब्दसुद्धा बदलत नव्हता. मी आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली आहेत, सगळी गाडी एका सुरात बोलायला लागली की काहीतरी दडवलेलं असतं, हे मला कळतं. तसाच बांधावर गेलो. वर खांबांवरच्या तारा जागच्या जागी होत्या. खाली भाताच्या कडेनं गुडघ्याएवढ्या खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि खुंट्यांवर काहीच नव्हतं. पोलीस यायच्या आत कुणीतरी तार गुंडाळून नेली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भात पिकलं की रानडुकरं उतरतात, एका रात्रीत शेत लोळवून टाकतात. मग काही जण शेताभोवती उघडी तार ओढतात, रात्री तिच्यात वीज सोडतात आणि घरी जाऊन झोपतात. डुक्कर मेलं तर मटण, नाही मेलं तर भात वाचलं. पहाटे माणसं वाटेला लागायच्या आत वीज बंद करायची असते. त्या दिवशी ती बंद झाली नाही. लहानू कमठ्यासाठी मेस तोडायला पहाटे निघाला होता. कमठा म्हणजे धनुष्य आणि मेस म्हणजे आमच्याकडचा बारीक, चिवट बांबू. वाट सगळ्या वाडीची, रोजची.

लहानूची आणि माझी ओळख भांडणातून झाली. म्हसाच्या जत्रेला निघालेला हा ठाकर गडी टोकावड्याला कमठ्यांचा भारा घेऊन माझ्या गाडीत चढला. मी ओरडलो, गाडीत हत्यारं चालणार नाहीत, उतर खाली. त्यानं शांतपणे भारा सोडून दाखवला. एकाही कमठ्याला दोरी चढवलेली नव्हती. बाणांना लोखंडाचं पातं नाही, टोकाला लाकडाची गोल गाठ, आणि त्या गाठींवरही चिंध्या बांधलेल्या. माकडं, डुकरं हाकलायचे बाण ते. "मास्तर, चढवलेला कमठा मी घरातबी ठेवत नाय," तो म्हणाला. मी म्हटलं, बोथट तर आहेत, मग चिंध्या कशाला? "बोथट हाय म्हनून डोळा फुटायचा नाय का?" आणि वर मलाच विचारतो, "तुमच्या गाडीचा दरवाजा लागत नाय, त्याचं काय करताव?" सगळी गाडी हसली. दरवाजा खरंच लागत नव्हता. त्याला मागच्या सीटवर बसवला आणि त्या दिवसापासून जत्रेला जाताना तो माझीच गाडी धरू लागला.

लहानपणी बापाबरोबर त्यानं शिकार केली होती, ते तो लपवत नसे. बंदी आल्यावर लोखंडी पात्यांचे बाण करणं त्यानं सोडलं ते कायमचं. कायद्याचा धाक होताच, पण एकदा म्हणाला, "रानात हाय काय आता, मारायचं काय?" फार्महाउसवाले येत, लोखंडी टोक बसवून दे म्हणून मागे लागत, हा ढिम्म हलत नसे. म्हसाला माझ्यासमोर एका हौशी पाहुण्यानं बघायला घेतलेला कमठा ताणला आणि गंमत म्हणून आपल्या मित्राच्या छातीवर रोखला. बाण लावलेला नव्हता. लहानूनं तो कमठा हातातून हिसकावून घेतला आणि म्हणाला, "तुमाला नाय इकायचा." पाहुणा चिडला, चार माणसं जमली, मीही म्हटलं, जाऊ दे रे, गिऱ्हाईक आहे. तर मलाच म्हणतो, "मास्तर, मानसावर धरायची सवय लागली का सुटत नाय." सोडलेला बाण सापडल्याशिवाय तो घरी फिरकत नसे. बाण भातात गेला तर बांधाबांधानं वाकून शोधायचा, अंधार पडला तर सकाळी पुन्हा जायचा. कापणीला कुणी अनवाणी येईल, त्याच्या पायात जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात. असा माणूस दुसऱ्यानं ओढलेल्या तारेवर मेला… हे लिहितानाही माझ्या मुठी वळतात.

त्यानं सांगितलेली एक जुनी रीत आहे. शिकारीला जाणारा प्रत्येक जण आपल्या बाणाच्या पिसाखाली आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. चुकून कुणाच्या गुराला बाण लागला, तर तो काढून वाडीच्या मधल्या अंगणात ठेवत. चौकशी नाही, आरडाओरडा नाही. ज्याचा असेल त्यानं सगळ्यांदेखत येऊन उचलायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, भावानं नाही, बायकोनंही नाही. तरुणपणी लहानूचाच एक बाण कुणाच्या तरी कालवडीला लागला होता. "भर अंगनात जाऊन उचलला," तो सांगायचा, "पन मला कुनी एक शब्द नाय बोललं." त्यानं आपली कालवड नेऊन त्या घरी बांधली आणि विषय तिथं संपला.

आता या माणसाच्या मरणाचं गावानं काय केलं ते ऐका. चार शहाणी माणसं त्याच्या बायकोकडे, तुळसावहिनींकडे गेली. म्हणाली, लाइनची तार म्हणून सांग, सरकारी मदत मिळेल. शेतवाल्याचं नाव घेतलंस तर काय मिळणार, कोर्टाच्या पायऱ्या? आणि तुला राहायचंय इथंच. वर आणखी, "त्याची येळ आलीवती, वैनी." मी तिथंच बसलो होतो. मी म्हटलं, वेळ आली नव्हती, तार आली होती, आणि ती कुणी ओढली ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एकानं मला विचारलं, मास्तर, तुमचा काय संबंध? माझा संबंध! त्या शेतवाल्याचं नाव इथं छापता येत नाही, पोलिसांपुढच्या जबाबात मी ते दिलं आहे. डुकरांनी त्याचं शेत लोळवलं होतं, हे मला मान्य आहे. पण लहानू त्याला कमठा द्यायला गेला होता, शेतातल्या माळ्यावर बसून राखण कर म्हणाला होता. शेतवाल्याला झोप हवी होती. त्याची झोप झाली.

दुसऱ्या दिवशी वहिनी बांधावर गेल्या आणि करवंदीच्या जाळीत अडकून तुटलेला तारेचा एक तुकडा काढून आणला. अर्धा पोलिसांना दिला, अर्धा ठेवला. दिवसकार्याला सगळी वाडी, सगळं गाव जेवायला आलं. तो शेतवालाही आला होता. पंगत बसली, भात वाढून झाला, तेव्हा वहिनी घरातून आल्या, तो तुकडा अंगणाच्या मध्यभागी ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "ज्याची हाय त्यानं उचला." म्हाताऱ्यांना लगेच कळलं, त्यांनी हात थांबवले. तो पत्रावळीकडे बघत राहिला… मग जेवू लागला. मग बाकीचेही जेवले. मी पानावरून उठून बाहेर गेलो.

मागच्या आठवड्यात पुन्हा वाडीवर गेलो होतो. तुकडा तिथंच होता. वहिनी अंगण झाडत होत्या, तेवढी जागा सोडून चहूबाजूंनी झाडत होत्या. तो शेतवाला आता एसटी धरायला त्या अंगणावरून येत नाही, ओढ्याच्या बाजूनं वळसा घालून जातो. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात त्याची बायको आली. पदराखाली नव्या तांदळाचं गाठोडं होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं आणि रडत उभी राहिली. वहिनींनी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती अंगणात उतरली, इकडंतिकडं पाहिलं आणि तारेपाशी खाली वाकली.

वहिनींनी धावत जाऊन तिचा हात धरला.

"तू नको गो उचलू. तुझी नाय ती."