धुण्याजोगे पाय

"इनास, तू ऊठ."

मानवेलशेठ माझ्या बाबांसमोर गुडघे टेकून बसले होते. अंगावर बंधुसभेचा लाल झगा, कमरेला पांढरा टॉवेल, हातात बाबांचा उजवा पाय. चर्च भरलेलं. मी आईजवळ बायकांच्या बाजूला बसले होते.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले. म्हणून आमच्या ठाण्याच्या चर्चमध्ये त्या दिवशी बंधुसभेचे पुरुष बारा गरिबांचे पाय धुवत, पुसत आणि त्यांना ओठ लावत. मग प्रत्येकाला तांदूळ आणि धोतर मिळे. बंधुसभा म्हणजे गावातली प्रतिष्ठित कॅथलिक माणसं. आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, गरिबाच्या मयताला खांदा देणं, हुशार मुलांना शाळेत घालणं ही त्यांची कामं. माझी शाळाही त्यांच्याच दयेवर चालली होती.

"उठतोस ना? या पायाला मी तोंड लावू?"

बाबांच्या टाचेतून रक्त येत होतं. मागे उभ्या असलेल्या एका बंधूने हळूच म्हटलं, "शेठ, सुकटच आहे. मीठ आधीच लागलंय."

पुढच्या दोन रांगा हसल्या. चर्चमध्ये हसायचं नाही म्हणून तोंडावर हात धरून हसल्या.

बाबा मिठागरात काम करायचे. खाडीचं खारं पाणी वाफ्यात सुकवायचं आणि दिवसभर त्यात अनवाणी उभं राहून मीठ ओढायचं. मीठ आधी कातडी खातं, मग भेगा पाडतं, मग भेगेत शिरून बसतं. ते मिठागर मानवेलशेठचं होतं. शेठना जो पाय किळसवाणा वाटला, तो त्यांच्याच मिठाने खाल्लेला होता. चर्चमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही.

बाबा उठले. त्यांच्या जागी शेठच्या टांग्याचा गाडीवान बसला. त्याच्या पायात बारा महिने वहाणा असायच्या. बाबा वळून निघाले, तर शेठ म्हणाले, "उठलाच आहेस तर पाणी ओत."

बाबांनी तांब्या उचलला. गाडीवानाच्या पायांवर पाणी ओतलं. शेठनी ते पाय पुसले आणि त्यांना ओठ लावले. वर सज्जात लॅटिनमधलं गाणं चालूच होतं.

घरी येताना आईने माझा दंड धरला. "गप राहायचं. तुझी शाळा आहे."

बाबा इतकंच म्हणाले, "शेठची तरी काय चूक. पाय चांगले नव्हते."

खरं काय झालं होतं, ते त्या रात्री मी खोदून विचारलं तेव्हा बाबांनी सांगितलं. पाय धुण्याआधी पाय धुवावे लागत. ही सभेची पद्धत होती. बुधवारी बाराही जणांना चर्चच्या विहिरीवर बोलवायचे. शेठचा कारकून दगडावर बसून एकेकाची टाच बघायचा. चर्चच्या स्वच्छ पाण्यात मळ दिसू नये, बघणाऱ्यांना घाण वाटू नये. बाबांची टाच बघून तो म्हणाला होता, "अजून घास." बाबांनी विटेने घासली. "अजून." त्यांनी घासली. काळ्या भेगा लाल झाल्या तेव्हा कारकून म्हणाला, "आता शोभेल."

मी मॅट्रिक झाले. कल्याणच्या एका शाळेत शिकवू लागले. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. मुलांना नागरिक म्हणजे कोण ते मी फळ्यावर लिहून सांगायचे. घरी येऊन बाबांच्या पायाला हळद लावायचे. हळद उपयोगी पडली नाही. जखम चिघळली, विष वर चढलं. शेवटच्या दिवसांत बाबांना कोणी पायाला हात लावलेला चालत नसे. मी जवळ गेले तरी ते पाय पोटाशी ओढून घेत.

ते गेले त्या सकाळी बंधुसभा आली. लाल झगे घालून, सभेची शवपेटी घेऊन. गरिबाचं दफन हे पुण्याचं काम. पुढचा खांदा द्यायला मानवेलशेठ स्वतः आले होते.

मी दारात उभी राहिले.

"तुम्ही हात लावायचा नाही."

"पोरी, दुःखात माणूस काहीही बोलतं. बाजूला हो."

"नाही होणार."

"सभेशिवाय पेटी कुठून आणशील?"

"पेटी नको आम्हाला."

आई रडत म्हणाली, "अगं, काय करतेस." पण ती मला ओढायला पुढे आली नाही. बाबांबरोबर मिठागरात राबणारे चार आगरी गडी मागे उभे होते. हिंदू माणसं. त्यातले बाळ्यादादा म्हणाले, "फळी हाये आमच्याकं. इनास आमचाच व्हता. चला रं." त्यांनी बाबांना फळीवर घेतलं. शेठ आणि सभेचे बंधू रस्त्याच्या कडेला पेटी धरून उभे राहिले. रिकामी पेटीही जड असते, हे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. मला बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

पण तेवढ्याने भागलं नाही. मला सूड हवा होता. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे.

ईस्टरआधीच्या पुढच्या उपवासाच्या दिवसांत मी मिठागराच्या वस्तीत घरोघर गेले, यंदा गुरुवारी पाय धुवून घ्यायला जाऊ नका म्हणून सांगायला. दरवर्षी त्या बारांत बसणारे काएतानमामा खाटेवरून म्हणाले, "बाय, तांदूळ मिळतात. धोतर मिळतं. ते तू देशील?"

"नाही देणार, मामा. मला एवढंच सांगा. बुधवारी विहिरीवर काय होतं, ते मामीला कधी सांगितलंत?"

ते गप्प बसले. मामी चुलीजवळून म्हणाली, "काय होतं विहिरीवर?"

मी उठून पुढच्या घरी गेले. प्रत्येक घरात एक माणूस असा गप्प बसला, आणि प्रत्येक घरात एका बाईने तोच प्रश्न विचारला. पुढचं काम बायकांनी केलं.

त्या गुरुवारी बाक रिकामा राहिला. परातीत पाणी भरलेलं, टॉवेल घड्या घातलेले. शेठ लाल झग्यात उभे होते आणि ज्यांच्यासाठी वाकायचं ती माणसंच आलेली नव्हती. फादर त्यांच्या कानाशी काही बोलले. शेवटी सभेचेच बंधू एकेक करून बूट काढून बसले. शेठ जागा भरायला बसवलेल्या आपल्या कारकुनासमोर गुडघे टेकायला लागले, तर तो घाबरून उभाच राहिला. मी पहिल्या रांगेत बसले होते. मी तोंडावर हात धरला नाही.

ईस्टरनंतर शेठ घरी आले. आईने त्यांना खुर्ची दिली. ते म्हणाले, "बाय, तू शिकलेली आहेस. गेलं ते सोडून दे. ख्रिस्तानेही वैऱ्यांना क्षमा केली."

"ख्रिस्त तुमच्या मिठागरात कामाला नव्हता."

ते उठून गेले. आईने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं.

आता ते दुसऱ्या वाडीत माणसं शोधत आहेत असं ऐकते. शोधू दे. तिथेही बायका आहेत, आणि मला चालता येतं.

रोज संध्याकाळी आई आणि मी प्रार्थना म्हणतो. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, असं देवाला सांगायची ओळ येते, तेव्हा आई एकटीच म्हणते. मी थांबते. ती ओळ संपली की पुढची म्हणते. देवाशी खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.