ठाण्याच्या फाटकाला हात

सुदाम गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला, तेव्हा मी आधी विचारलं, सकाळी पळून आला होता का? "हो काका. फाटकाला हात लावून आले, चहा घेतला आणि मग..." इतक्या दुःखातही मला जरा बरं वाटलं.

हे फाटक परभणीच्या पोलीस ठाण्याचं. आम्ही दोघं कॉलेजच्या कबड्डी संघात होतो. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, हे अजूनही सांगत फिरतो. सुदाम त्याच्या घराण्यातला पहिला आरोपी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात एसटीवर दगड मारल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला. मोर्चात आम्ही होतो, ते छाती पुढे काढून सांगू. पण दगडाचं ऐकून सगळा संघ हसला. सुदामने फेकलेला क्रिकेटचा चेंडू कधी यष्टीपर्यंत पोचला नव्हता, एसटीची काच कुठून फुटणार! जामीन मिळाला, रोज सकाळी ठाण्यात हजेरीची अट लागली. प्राचार्य मात्र म्हणाले, गुन्हा असलेला मुलगा संघात नको. खेळाच्या जोरावर रेल्वेत लागायचं, एवढी एकच वाट सुदामपुढे होती... तीच बंद व्हायला आली.

आमचा कप्तान दत्ता मानवतकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. नामांतरावरून आमच्याशी कडाकडा भांडायचा. पण सरावाला त्याने उजवा कोपरा, म्हणजे सुदामची जागा, मोकळीच ठेवली. खेळाच्या सरांनी सांगूनही तिथं कुणी उभं राहीना. प्राचार्यांनी बोलावलं, तर दत्ता त्यांना म्हणाला, "नामांतराचं आमचं आमी भांडून घेऊ सर. पण त्या कोपऱ्यात दुसरा कुणी उभा ऱ्हाणार न्हाई." प्राचार्यांनी बराच विचार केला आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत खेळू दिलं, एक जरी हजेरी चुकली तरी संघाबाहेर, या अटीवर.

पूर्णेला सामना होता, गाडी सकाळची. हजेरी दिल्याशिवाय निघता येईना, म्हणून अख्खा संघ ठाण्याकडे पळत गेला. हवालदार दचकले. "एवढे सगळे आरोपी?" दत्ता म्हणाला, "आरोपी एकच हाय साहेब. बाकीचे राखीव." हवालदारांनी हसत हसत आधी सुदामची सही घेतली आणि आम्ही चालत्या गाडीत चढलो. सामन्यात समोरच्या संघाच्या शेवटच्या चढाईत सुदामने त्यांच्या गड्याचा घोटा असा धरला, की त्याचा हात मध्यरेषेपासून वीतभर अलीकडेच राहिला.

पुढं सुदाम निर्दोष सुटला, पूर्णेला रेल्वेत लागला. परभणीहून रोज ये-जा करायचा, पण आधी पळत ठाण्यापर्यंत जाऊन फाटकाला हात. आता कशाला, असं मी विचारायचो. "रेषेला हात लागला की गडी जित्ता परततो, लेका."

परवा त्याच्या घरी गेलो होतो. दाराशी त्याचे पांढरे बूट तसेच होते, नाड्या सैल सोडलेल्या. पळणं आता मला जमत नाही; चालतच ठाण्यापर्यंत गेलो, फाटकाला हात लावला. पहाऱ्यावरच्या पोरसवदा शिपायाने विचारलं, "काय काम हाय काका?"

म्हटलं, हजेरी.