भोईरदादांची चूल

मुरबाडच्या आमच्या कारखान्यात मेल सर्व्हरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. भोईरदादांचा हुकूम! मॅनेजरसाहेबांच्या बुटांनाही सूट नव्हती. कारखान्याची सगळी ई-मेल ज्या मशीनमधून ये-जा करी, त्याला दादा 'आपलं पोस्ट' म्हणत. मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्याच्या पाया पडायला लावलं होतं.

दादा किन्हवलीचे, घरी भातशेती. मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची वेळ आली की म्हणत, "घर शाकारायचं गो, पन चूल नाय हलवायची." चूल म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेली सेटिंगची फाइल. कोणाचं पत्र कुठे वळवायचं, ते सगळं तिच्यात असे.

तिच्यातली एक ओळ सापगावच्या कांबळेंसाठी होती. कांबळे आमचे स्टोअरकीपर. कॉम्प्युटरला हात लावत नसत आणि घरी फोनही नव्हता. परदेशातली लेक दादांनी ठरवून दिलेल्या ई-मेल पत्त्यावर लिहीत असे आणि पत्र स्टोअरच्या प्रिंटरमधून आपोआप बाहेर पडे. कांबळे चष्मा शोधेपर्यंत हमाल ते मोठ्यानं वाचून मोकळे झालेले असत.

त्या वर्षी कांबळेंच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि नेमकी तेव्हाच दादांनी शाकारणी काढली. जुनं सगळं पुसलं, नवी सिस्टीम चढवली आणि चुलीची जपून ठेवलेली फ्लॉपी आत घातली. मशीन नुसतं गुरगुरलं. फ्लॉपी बाहेर काढली तर आतून पिवळी पूड सांडली. खंडेनवमीला दादांनी पान्या-पक्कडींबरोबर तिचीही पूजा केली होती, तीही तिची पत्र्याची झडप सरकवून, हळद वाहून, मनोभावे.

बाकीच्या ओळी दादांनी आठवून लिहिल्या. कांबळेंचा पत्ता मात्र काही केल्या आठवेना. त्यांनी सरळ बाहेरची तार उपटली. सगळ्या कारखान्याची मेल बंद! मॅनेजरसाहेब अनवाणी धावत आले.

"भोईर, एका माणसासाठी सगळ्यांचं अडवणार?"

"साहेब, दार बंद दिसलं तर पोस्टमन परत येतो. दार उघडून 'हितं असा कोनी नाय' म्हनलं, तर पत्र कायमचं माघारी गेलं. तुमी ऑर्डरचं फोनवर विचारा."

"मग कांबळेंनाच विचारा ना पत्ता!"

"नाय. त्यांच्या जिवाला आधीच घोर लागलाय."

शेवटी मीच गुपचूप हमालांकडे गेले. डोळखांबचा एक हमाल हसत म्हणाला, "ताई, आमाला विचारायचं ना! कागदावर वरच विंग्रजी अक्षरांत 'सापगावचे बाबा' असा पत्ता असतंय."

दादांनी ओळ लिहिली, तार जोडली. दुपारच्या चहाला स्टोअरचा प्रिंटर खडखडला. "मुलगी झाली! दोघी बऱ्या हायत!" हमाल ओरडले. कांबळेंनी तरीही चष्मा शोधला, सावकाश सगळं वाचलं आणि डोळे पुसायला चष्मा पुन्हा काढला. दारात दादा उभे होते. "पेटली बाबा चूल," एवढंच म्हणाले.

दादा गेले. कांबळे निवृत्त झाले, प्रिंटर भंगारात गेला. त्या ओळीचा आता कोणाला काही उपयोग नाही. तरी सिस्टीम बदलताना मशीन विचारतं, जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? मला दादांची फार आठवण येते. चपला बाहेर काढलेल्या असतात. मी जुनीच ठेवते.