तरफांची दाद

ओल्या लोकरीच्या कोटांचा, वितळत्या मेणाचा आणि कित्येक शतकं ऊन न पाहिलेल्या दगडाचा असा एक संमिश्र वास त्या चर्चमध्ये भरून राहिला होता. नोव्हेंबरातली रविवारची दुपार. अजून चारही वाजले नव्हते, पण आयर्लंडमधल्या नावनच्या आभाळातला उजेड केव्हाच विझू लागला होता आणि रंगीत काचांवरचे देवदूत एकेक करून काळवंडत होते. बाबांच्या स्वेटरवर नवऱ्याचा जाड कोट चढवून मी त्यांना तिथे आणलं होतं.

आई जाऊन आठ महिने झाले होते. मिरजेच्या घरात एकटं राहायला नको म्हणून मी बाबांना इकडे घेऊन आले, पण माणूस तेवढा आला. आवाज तिकडेच राहिला. कारखान्यातून मी संध्याकाळी परतायचे तेव्हा ते खिडकीपाशी बसलेले असायचे आणि काही विचारलं तर "बरं आहे" एवढंच म्हणायचे. पाटबंधारे खात्यातली नोकरी त्यांनी पोटासाठी केली, जगले मात्र गाण्याच्या बैठकांमध्ये. ते पुढे बसले की गाणारा त्यांच्याकडे बघून गातो, असं आई थोड्या कौतुकानं आणि बऱ्याच वैतागानं सांगायची. ती गेल्यापासून त्यांनी घरात साधा रेडिओ लावू दिला नव्हता. म्हणून वाचनालयात देवदूत आणि सैतान यांच्यावरच्या जुन्या युरोपीय संगीताची जाहिरात दिसली, तेव्हा त्यांना न विचारताच मी दोन तिकिटं काढली.

सैतानाचं संगीत आधी आलं. काळ्या चामड्यात मढवलेली, नागमोडी वळणांची एक लाकडी नळी एका गृहस्थांनी गुडघ्यांमध्ये धरली. तिचं नावच सर्पंट. तिच्यातून निघालेला घोगरा हुंकार फरशीतून तळपायांत चढला. दुसऱ्या एका वाद्याची मूठ फिरवली की आतलं चाक तारांना घासायचं आणि जात्यासारखी घरघर सुरू व्हायची. मग पांढऱ्या दाढीचा एक वादक देवदूतांची रचना वाजवायला उभा राहिला. त्याचं वाद्य व्हायोलिनहून थोडं मोठं होतं, आणि वाजवायच्या तारांखाली आणखी बारीक तारांचा एक थर होता. बाबा माझ्या कानाशी लागले. "अगं, याला सारंगीसारख्या तरफा आहेत!" कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

गज संथपणे उतरत आला, एका स्वरावर विसावला, आणि कुणीही न छेडलेल्या त्या खालच्या तारा आपसूक झंकारल्या. थंड दगडी अंधारात तो झंकार इतका वेळ रेंगाळला की श्वास घ्यायचं राहून गेलं. बाबांचा हात वर गेला. "वाऽऽ! क्या बात है!"

सगळ्या माना वळल्या. त्या शांततेत टाचणी पडलेलीसुद्धा चालत नव्हती आणि माझ्या वडिलांनी भर बैठकीतली दाद दिली होती. मला लाज वाटली. बाबांची लाज वाटली, हे लिहितानाही हात अडखळतो. मी त्यांचं मनगट धरून खाली आणलं आणि लहान मुलाला दटावावं तसं म्हणाले, "शूऽ, बाबा! इथे असं नाही करत."

ते लगेच गप्प झाले. पुढचा अर्धा तास त्यांनी दोन्ही हात मांडीवर दाबून ठेवले होते. मध्येच ठसका लागला, तोही त्यांनी चेहरा लाल होईपर्यंत गिळला. त्यानंतरचं संगीत कसं होतं ते मला आठवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर तो दाढीवाला वादक गर्दीतून वाट काढत आमच्याकडे येऊ लागला, पण तो पोचायच्या आत बाबा बाहेर गाडीकडे निघून गेले होते. मी घाईघाईनं माफी मागितली. "आह, नो, सॉरी कशाला? ही वॉज ग्रँड," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं ते असं, की एवढी वर्षं तो ती जागा वाजवतो आहे, आणि समोरून कुणीतरी उत्तर दिलं ते आज पहिल्यांदा. बाबांकडे बघून तो हसला होता म्हणे. मला ते दिसलं नव्हतं. मी लोकांचे चेहरे बघत होते.

गाडीत मी बाबांना ते सगळं सांगितलं, जरा जास्तच उत्साहानं. काचेवर पावसाची भुरभुर होती. "भला माणूस आहे," ते म्हणाले. "पण त्यांची रीत आहे ना. तुझंच बरोबर होतं." आणि पट्टा लावून समोर बघत बसले.

डिसेंबरात ते मिरजेला परत गेले. मी अधूनमधून त्यांना जुन्या बैठकांची ध्वनिमुद्रणं पाठवते. "छान आहे" असं उत्तर येतं. दर रविवारी फोन करते. पलीकडून फोन उचलल्याचा आवाज येतो, आणि मग बाबा हलकेच विचारतात, "आत्ता बोललं तर चालेल ना?"