चादरीचं दुसरं टोक

वय चोपन्न. हुद्दा : न्यायालयनियुक्त पालक. कार्यक्षेत्र : ज्यांना स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, ज्यांच्यापाशी वकील करण्याची ऐपत नाही आणि ज्यांच्यासाठी धावून येईल असे कोणी नाही, अशा सज्ञान व्यक्ती. सध्याची पाल्यसंख्या : चौदा. पाल्यांशी नाते : नाही. पाल्यांत वैयक्तिक हितसंबंध : नाही. थोडक्यात, ना सोयर ना सुतक. आणि हीच या पदाची मुख्य पात्रता.

पाल्य म्हटले की कुणाच्याही डोळ्यांसमोर पाटी-दप्तर येते. पालकबाईंचा सर्वांत धाकटा पाल्य एकसष्ट वर्षांचा होता. "चौदा लेकरं आमच्या घरच्या बाईंना," त्यांचे यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आणि चौदा तोंडांत मिळून दात चाळीस."

यांपैकी सात दात कडकआजींचे. इस्पितळाच्या लाँड्रीत एकतीस वर्षे चादरी धुऊन, खळ घालून, इस्त्री करून त्या निवृत्त झाल्या होत्या. खोली तिसऱ्या मजल्यावर. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक इस्त्री आणि नऊ चादरी. या नऊ चादरी त्या आलटून पालटून धूत आणि इस्त्री करत. आज कोणता वार हे त्यांना सांगता येत नसे; पण चादरीला एक सुरकुती राहिली तर ती त्यांना दारातून दिसे.

आणि चादरीची घडी एकट्याने होत नाही. दर गुरुवारी साडेपाचला पालकबाई पाहणीसाठी जात, तेव्हा "कशा आहात आजी?" असे विचारायच्या आत चादरीचे दुसरे टोक त्यांच्या हातात आलेले असे. "धर गं नीट. ताण. अशी काय मेल्यासारखी धरतेस!" अहवालात याला 'पाल्याशी संवाद' असे म्हणत.

सहा आठवड्यांपूर्वी आजी चालू इस्त्री चादरीवर ठेवून जिन्यात जाऊन बसल्या. वास आला तो समोरच्या बिऱ्हाडातल्या सूनबाईंना. त्यांनी धावत जाऊन बटण बंद केले. चादरीला इस्त्रीच्या आकाराचे भोक पडले, टेबल काळे झाले. सूनबाईंनी तक्रार केली. ती करताना त्या रडल्याही. "मला आजी नकोत असं नाही हो. पण त्या दारासमोरच माझं तान्हं झोपतं."

समाजकल्याण खात्याच्या अधिकाऱ्यांपाशी यावर उत्तर होते : आजींना शहराबाहेरच्या निवासगृहात हलवावे. त्यांनी रीतसर अर्ज केला. सुनावणी सोमवारी लागली. आजींना हे समजावून सांगितले तेव्हा त्या चादरीचे टोक सोडून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मला तिथे नेऊ नको," एवढेच म्हणाल्या. का, ते सांगेनात. पुढच्या गुरुवारी त्या बाकी सगळे विसरल्या होत्या. एवढे एक वाक्य विसरल्या नव्हत्या.

आता अशा सुनावणीत एक छापील फॉर्म असतो. त्यात पाच प्रश्न. आज वार कोणता? महिना कोणता? वय किती? घर कितव्या मजल्यावर? आग लागली तर काय कराल? पालकबाईंनी बारा वर्षांत हा फॉर्म इतक्यांदा ऐकला होता, की प्रश्न, त्यांचा क्रम आणि चौथ्या प्रश्नापूर्वीचा न्यायाधीशांचा खोकला, सगळे त्यांना पाठ होते. म्हणून त्यांनी जे केले ते बारा वर्षांत कधी केले नव्हते. त्यांनी आजींना शिकवले.

घडीवर शिकवले. पहिली घडी : सोमवार. दुसरी : मार्च. तिसरी : एकोणऐंशी. चौथी : तिसरा मजला. आणि शेवटी तळव्याने चादर दाबताना : बटण बंद, समोरचं दार, जिना. दोन आठवडे पालकबाई रोज गेल्या. हाताला घडी बसली की तोंडाला उत्तर बसे. शेवटच्या गुरुवारी आजी एकदाही चुकल्या नाहीत. पालकबाई खुशीत निघाल्या, आणि दाराशी वळून बघतात तर इस्त्रीचा लाल दिवा तसाच. आजी म्हणाल्या, "केली की बंद." पालकबाईंनी प्लग काढला. अहवालात ते लिहिले नाही.

सोमवारी कोर्टाने तारीख एक दिवस पुढे ढकलली. न्यायाधीश रजेवर, उद्या बदली न्यायाधीश येतील. कोर्टाला एक दिवस म्हणजे काहीच नाही. पण आजींच्या पहिल्या घडीत सोमवार पक्का बसला होता. मंगळवारी सकाळी कोर्टाच्या जिन्यात पालकबाईंनी पिशवीतून चादर काढली आणि सगळी उजळणी पुन्हा केली. शिपाई बघत राहिला. "काय बाई, इथेच मुक्काम का?"

वर दालनाबाहेर अधिकारी भेटले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपे गेले असते. "बाई, तुमच्या भल्याचं सांगतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "उद्या इमारत पेटली, तर कागदावर सही तुमची आहे. ते तान्हं बाळ सहीला ओळखत नाही."

पालकबाईंना लाल दिवा आठवला.

आत शिपायाने पिशव्या बाहेर ठेवायला लावल्या. चादर बाहेर राहिली. आजी खुर्चीत बसल्या, दोन्ही हात मांडीवर, बोटे कशाला तरी चाचपत असलेली. बदली न्यायाधीशांनी फॉर्म हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि बाजूला ठेवला. पालकबाईंचे धाबे तिथेच दणाणले.

"आजी, घर कितव्या मजल्यावर तुमचं?"

आजींनी हात उचलून हवेत एक घडी घातली. "मंगळवार."

"वय किती?"

दुसरी घडी. "मार्च."

"बरं. आज वार कोणता?"

"एकोणऐंशी."

"घरात आग लागली, तर काय कराल?"

"तिसरा मजला," आजी ठणकावून म्हणाल्या. आता त्या रंगात आल्या होत्या.

"आणि महिना?"

आजींनी हवेतली चादर तळव्याने दाबली. "बटण बंद, समोरचं दार, जिना."

मागे कुणीतरी फिस्सकन हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी लिहिलेली उत्तरे फॉर्मशेजारी धरून पाहिली. "उत्तरं पाचही बरोबर आहेत," ते म्हणाले. "प्रश्न तेवढे माझे चुकले. कुणी शिकवलं यांना?"

अधिकाऱ्यांनी पालकबाईंकडे पाहिले नाही, हा त्यांचा चांगुलपणा. गप्प बसता आले असते. आजी तर सांगणार नव्हत्याच; त्यांना आठवणारच नव्हते. पालकबाईंच्या डोळ्यांपुढून बाकीचे तेरा जण सरकले, एकामागून एक, दवाखान्याच्या रांगेसारखे. ही नेमणूक गेली तर तेही जाणार. त्या उठल्या.

"मी शिकवलं, साहेब."

"पालक असून?"

"हो. आणि गेल्या गुरुवारी इस्त्री पुन्हा चालू राहिली होती. प्लग मी काढला. अहवालात ते लिहिलं नाही."

"म्हणजे कोर्टाला दोनदा फसवलंत. कशासाठी?"

"यांना वार येत नाही, साहेब. पण कुठे जायचं नाही, ते येतं. तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग आजींकडे वळले. "आजी, निवासगृहात का जायचं नाही?"

हात थांबले. पालकबाईंना वाटले, संपले. हे शिकवलेले नव्हते.

"त्यांच्या चादरीही धुवायला माझ्याकडेच यायच्या," आजी म्हणाल्या. आवाज वेगळाच होता, लाँड्रीतल्या मुकादमाचा. "एकतीस वर्षं. माणूस झोपलं की चादर मधे विरते. कुशीवर वळतं ना ते, म्हणून. तिथल्या मधे कोऱ्या. टाचांपाशी भोकं. दोन-दोन, प्रत्येक चादरीला." त्यांनी पाय पुढे घेऊन टाचा जमिनीवर घासून दाखवल्या. "बांधलेलं माणूस टाचाच घासतं. दुसरं काय करील?"

"ही फार जुनी गोष्ट, साहेब," अधिकारी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आता तसं नाही."

"नसेल," आजी म्हणाल्या. "आताच्या आण. बघते."

न्यायाधीशांनी अधिकाऱ्यांकडे पाहिले. "आणता येतील?"

"आता कागदी असतात, साहेब. एकदा वापरून फेकायच्या."

न्यायाधीशांनी हेही लिहून घेतले. मग बराच वेळ लिहीत राहिले. पालकबाईंनी आजींचा हात धरला होता.

आदेश दुपारी मिळाला. सदर व्यक्तीने आपली इच्छा सकारण व्यक्त केली असल्याने तिला सहा महिने राहत्या खोलीतच ठेवावे. इस्त्री समोरच्या बिऱ्हाडी ठेवावी आणि ती केवळ दुसऱ्या सज्ञान व्यक्तीच्या उपस्थितीतच वापरावी. निवासगृहातील अंथरुणांची पाहणी करून खात्याने महिन्याभरात अहवाल द्यावा. विद्यमान पालकाने साक्ष पढवली व माहिती दडवली. सबब तिला या प्रकरणातून मुक्त करण्यात येत आहे. उरलेल्या तेरा प्रकरणांत सक्त ताकीद.

"वाचलात," अधिकारी जिना उतरताना म्हणाले.

"तेरांत वाचले," पालकबाई म्हणाल्या.

आजींना त्यांनी टॅक्सीने घरी सोडले. जिन्यात आजींनी विचारले, "झालं का गं काम?" "झालं." "मग माझी चादर कुठाय?" चादर कोर्टातच राहिली होती. पालकबाई परत गेल्या. शिपायाने ती नीट घडी करून ठेवली होती. चुकीच्या बाजूने, पण ठेवली होती.

नवे पालक बुधवारी आले. तरुण, व्यवस्थित. जाऊन पाहणी केली, इस्त्री समोर सूनबाईंकडे असल्याची खात्री केली आणि अहवाल पाठवला : पाल्याची प्रकृती स्थिर, आदेशाचे पालन होत आहे, पूर्वीच्या पालकाचा पाल्याशी कोणत्याही स्वरूपाचा संबंध उरलेला नाही.

गुरुवारी साडेपाचला सूनबाईंनी इस्त्री आणून टेबलावर ठेवली. चादरीचे दुसरे टोक धरायला एक सज्ञान व्यक्ती आली होती. तिने नीट ताणून धरले नाही म्हणून आजी तिच्यावर ओरडल्या.